कुंडीवरचं ऊन

(तुमसर. कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरातलं स्वयंपाकघर. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, चालू आहे, बाहेर आंगण तापलं आहे.)

सत्यभामाबाई: वेळ झालीच नाही अजून, तुमी कायले घाई करून राहिले? ऊन जात्यावर कुठी आलं?

सेवकराम: अवं, राइस मिलचा भोंगा होऊन गेला. डबा न्यायले गोपीचंद सायकल घेऊन दारात उभा होता. जागेश्वरचा डबा तयार नाही म्हणतल्यावर गेला बिचारा तसाच. आपला पोरगा आज मिलमध्ये उपाशी.

सत्यभामाबाई: भोंगा माणूस वाजवते. माणूस चुकते. सूर्य चुकते का?

सेवकराम: आजवर त नाही चुकला.

सत्यभामाबाई: मंग. छपरातल्या काचेच्या कवेलूतून ऊन पडते. ते जात्यावर आलं का मी भात टाकते, जात्यावरून उतरलं का डबा भरते. लग्न होऊन या घरात आली तवापासून असंच चालू हाय.

सेवकराम: अन् पावसाळ्यात?

सत्यभामाबाई: पावसाळ्यात तुमचं तोंड पाहून टाकते. भुकेलं दिसलं का वेळ झाली.

सेवकराम: मंग आज बी माह्या तोंडाकडं पाह्याचं होतं.

सत्यभामाबाई: उन्हाळ्यात तुमचं तोंड दिवसभर भुकेलंच दिसते. त्याचा भरवसा नाही. घरातलं घड्याळ असतं त पाह्यलं असतं. ते तुमी देऊन बसले तुमच्या लाडक्या लेकीले.

सेवकराम: नागपूरले नर्सबाईले नाडी मोजायले घड्याळ लागते वं. रेल्वेच्या फाटकावर मी त्याच घड्याळाच्या भरवशावर सारी नोकरी काढली. आता मंदाच्या कामी येऊन राहिलं.

सत्यभामाबाई: येऊ द्या. माह्यासमोर तिचं नाव नका काढू.

सेवकराम: घड्याळाची गोष्ट तूच काढली. बरं, गिलासभर पाणी दे.

सत्यभामाबाई: घ्या.

सेवकराम: हे चुलीवर ठेवलं होतं का?

सत्यभामाबाई: माठातलं हाय.

सेवकराम: आंघोळीचं वाटते.

सत्यभामाबाई: पाहू द्या. खरंच की. काल त थंडगार होतं.

सेवकराम: ऊन जात्यावर नाही, अन् माठातलं पाणी गरम. फाटकावर असताना गाडी एका लाइनीवर दिसली नाही का मी दुसऱ्या लाइनीवर पाह्यत होतो.

सत्यभामाबाई: म्हणजे?

सेवकराम: मागं वळून पाह्य. घडवंचीकडं.

सत्यभामाबाई: अवं माय. ऊन त माठावर बसलं हाय. अन् काचेचं कवेलू त्या कोपऱ्यावर कसं गेलं? जात्याच्या वर त मातीचं दिसून राहिलं.

सेवकराम: काल इश्वर कवेलू फेरून गेला ना. पाऊस यायच्या आधी दरसाल फेरते. फुटके काढले, नवे टाकले, त्यात काचेचं चुकून तिकडं बसवलं असन.

सत्यभामाबाई: इश्वरचा बाप बी हेच घर फेरत होता. आजवर काचेचं कवेलू बोटभर हललं नाही. हे चुकून नाही होत. म्हातारे, ए म्हातारे, इकडं ये.

धुरपता: मले म्हातारी नको म्हणू ना आजी. मी आता पाचवीत गेली.

सत्यभामाबाई: मंग काय म्हणू? तुह्या बापानं माह्या सासूचं नाव तुले ठेवलं. सासूचं नाव तोंडानं घ्याचं नाही, अन् नाव घेतल्याशिवाय पोरीले रागावता येत नाही. तुह्या मायचं बरं हाय, सानगडीले माहेरी बाळंतपणाले जाऊन बसली.

सेवकराम: पोरीले कोणी रागवू नये म्हून त ते नाव ठेवलं.

सत्यभामाबाई: तुमी गप राहा. सांग वं, काल इश्वर छपरावर होता तवा तू खालून काय बोलत होती?

धुरपता: काही नाही. त्याले पन्हं दिलं.

सत्यभामाबाई: अन्?

धुरपता: अन् मंग अजून एक गिलास दिला.

सेवकराम: पहिला तहानेचा झाला. दुसरा कायचा बेटा? सांग, कोणी मारत नाही.

धुरपता: मी म्हणलं, काचेचं कवेलू घडवंचीच्या वर बसवून द्या. अन् पुसून बसवा, धुरानं काळं झालं हाय.

सत्यभामाबाई: अन् एवढ्याशा पोरीचं त्यानं ऐकलं?

धुरपता: मी म्हणलं, आजीनं सांगतलं.

सत्यभामाबाई: ऐकलं का? माह्याच नावानं माह्यं घड्याळ हलवलं. हसून काय राहिले?

सेवकराम: हसून नाही राहिलो. ठसका लागला. गरम पाण्यानं.

सत्यभामाबाई: अन् हे सारं कायच्यासाठी? त्या लठ्ठ पानाच्या कुंडीसाठी? ना फूल, ना फळ, ना त्याची भाजी होत.

धुरपता: ते मरून राहिलं आजी. मंदाआत्या सुटीत घरी येणार हाय, अन् तिचं झाड मरून राहिलं.

सेवकराम: रडू नको. आण ती कुंडी इकडं, दारापाशी उजेडात ठेव. हं. आता मले सांग, तुले काय दिसते?

धुरपता: वाकडं झालं.

सेवकराम: कोणीकडं वाकलं?

धुरपता: खिडकीकडं. अन् लांब झालं, बारीक झालं. आत्यानं दिलं तवा बुटकं होतं, पानं जवळ जवळ होते. आता मधात मधात रिकामी दांडी दिसते.

सेवकराम: शाब्बास. डॉक्टर बी एवढं पाह्यत नाही. आता विचार कर, फाटकापाशी गाडीची वाट पाहणारा माणूस काय करते? मान लांब करते, जिकडून गाडी येणार तिकडं वाकते. तसं हे उजेडाची वाट पाहून राहिलं होतं. कुठी ठेवलं होतं तू?

धुरपता: घडवंचीखाली. माठाजवळ थंड राहीन म्हून.

सेवकराम: थंड बी, ओलं बी, अन् अंधार बी. त्याच्या पानात त्याचं पाणी भरून असते, दाबून पाह्य. म्हून त लठ्ठ हाय. त्याले पाण्याची हाव नाही. त्याले हाव उजेडाची. अन् हे पानावर भुरे डाग कायचे?

धुरपता: ते मंग झालं. वाकडं झालं म्हून मी त्याले आंगणात ठेवलं. धानाचे पऱ्हे, ते बारके रोपं, नाही का दिवसभर उन्हात राहत? म्हणलं, याले बी ऊनच पाहिजे. दुपारी पाह्यलं त पानं भाजल्यासारखे झाले.

सत्यभामाबाई: नवतप्यात? अवं, नवतप्यात कुत्रं बी आंगणात निजत नाही.

सेवकराम: पऱ्हे जन्मले तेच उन्हात. त्यांची कातडी तशीच. हे सावलीत वाढलेलं. तुले मी वर्षभर घरात बसवलं अन् एक दिवस भर दुपारी बांधावर उभं केलं, त तुह्यं काय होईन?

धुरपता: चक्कर येईन.

सेवकराम: तसं त्याले चक्कर आली. झाड बोलत नाही, म्हून पानावर डाग पाडून सांगते.

धुरपता: म्हूनच मी कवेलू सांगतलं. आंगणात जास्त होते, अन् घरात कमी. म्हणलं, घरातल्या घरात ऊन आणावं.

सेवकराम: वं सत्यभामा, पोरीची अक्कल त चांगली हाय.

सत्यभामाबाई: अक्कल चांगली हाय अन् जागेश्वर उपाशी हाय. इश्वर साकोलीकडं गेला दुसऱ्याचे घरं फेरायले. येऊ दे त्याले. आल्या आल्या काचेचं कवेलू जात्यावर जाईन, सांगून ठेवते.

धुरपता: नको ना आजी. आत्या जाताना मले म्हणली होती.

सत्यभामाबाई: काय म्हणली होती?

धुरपता: म्हणली, आई माह्याशी बोलत नाही, उंबरठ्यावर बी आली नाही. या घरात माह्यं म्हणावं असं आता हे एक झाडच राहिलं. जगवजो.

सेवकराम: ऐकून राहिली का वं?

सत्यभामाबाई: भात उतू जाऊन राहिला. बाजूले व्हा.

सेवकराम: भात अजून टाकलाच कुठी?

सत्यभामाबाई: मंग टाकू द्या. बाजूले व्हा म्हणते ना.

*

धुरपता: आबाजी, पण ऊन किती झालं न् किती राहिलं, हे समजन कसं?

सेवकराम: तुह्या हातानं. तिथं बस, जिथं काचेतून ऊन पडते. हात धर, जमिनीपासून एक वीत वर. सावली कशी दिसते?

धुरपता: काळीभोर. बोटं बी मोजता येतात.

सेवकराम: ते कडक ऊन. त्यात याले थोडाच वेळ ठेवाचं. आता हात तिकडं ने, उन्हाच्या काठाच्या बाहेर.

धुरपता: सावली हाय, पण बोटं मिसळले.

सेवकराम: हे मऊ ऊन. इथं हे दिवसभर बसलं तरी चालते. आता घडवंचीखाली धर.

धुरपता: सावलीच नाही.

सेवकराम: तिथं त्यानं इतके दिवस काढले. आता तू काय करशील?

धुरपता: उन्हात ठेवीन. थोडाच वेळ. मंग काठावर.

सेवकराम: अन् ऊन सरकलं त?

धुरपता: त माह्यं झाड अंधारात. कवेलूत बी काही फायदा नाही झाला आबाजी. ऊन एका जागी थांबतच नाही.

सेवकराम: ते कसं थांबन? आता सकाळी कोठीवर पडन, मंग माठावर येईन, मंग चुलीकडं सरकन. छपराले हलवायची काही गरज नव्हती. ऊन चालते, झाडाले पाय नाही, पण तुले हाय.

धुरपता: म्हणजे मी कुंडी सरकवत राहू?

सेवकराम: हो. पहिल्या दिवशी कडक ऊन थोडंसं. दुसऱ्या दिवशी जरा जास्त. हळूहळू सवय लावाची.

धुरपता: थोडंसं म्हणजे किती? घड्याळ त आत्याजवळ हाय.

सेवकराम: हं. याचा मी विचार केला नव्हता. थोडंसं म्हणजे, म्हणजे असं समज की...

सत्यभामाबाई: भाताले उकळी फुटेपर्यंत.

सेवकराम: काय म्हणली?

सत्यभामाबाई: मी काही म्हणली नाही. मी चुलीशी बोलून राहिली.

सेवकराम: चूल काय म्हणते?

सत्यभामाबाई: चूल म्हणते, आज उकळी फुटेपर्यंत ठेवा. उद्या भात मुरेपर्यंत ठेवा. परवा त्याच्यावर गंजभर वरण चढवून उतरवेपर्यंत. अन् माठ उचलून जात्यापाशी नेऊन ठेवा, आता जात्यावर ऊन येत नाही. एवढं समजायले घड्याळ लागते का?

धुरपता: आजी, मंग तूच सांगजो मले. उकळी फुटली का हाक मारजो.

सत्यभामाबाई: माह्या मागं काय कमी कामं हाय? मी कोणाच्या कुंडीचं पाह्यत नाही. तुह्यं तू पाह्य, म्हातारे.

*

सेवकराम: पोरगी कुठी गेली वं?

सत्यभामाबाई: शेजारच्या मनकर्णाबाईच्या आंगणात. चिंचोके खेळून राहिली सकाळपासून.

सेवकराम: मंग कुंडी कोणी सरकवली? मी आंघोळीले गेलो तवा कोठीपाशी होती. आता चुलीजवळ हाय.

सत्यभामाबाई: झाडताना सरकली असन.

सेवकराम: बरोबर उन्हाच्या काठावर सरकली. तुह्या झाडणीले समजते वाटते.

सत्यभामाबाई: झाडणी जुनी हाय, तिले सारं समजते.

सेवकराम: अन् बाहेरची बाजू आत वळली हाय. वाकडी बाजू आता उजेडाकडून दुसरीकडं हाय. हे बी झाडणीनं केलं?

सत्यभामाबाई: तुमीच त पोरीले सांगत होते, दर दोन-चार दिवसानं वळवलं का सरळ होते म्हून. पोरगी खेळते त विसरते. झाड मेलं त रडन, मंग तुमी म्हणान, आजीनं पाह्यलं नाही. मले तुमचं बोलणं नको म्हून केलं.

सेवकराम: मी कुठी बोललो?

सत्यभामाबाई: तुमी बोलत नाही, पाह्यता. ते जास्त लागते.

सेवकराम: बरं, नाही पाह्यत. मले एवढं सांग, आज डबा वेळेवर कसा गेला? गोपीचंद आला तवा तू दारात उभी होती.

सत्यभामाबाई: ऊन कुंडीच्या या काठावर आलं तवा भात टाकला. त्या काठावरून गेलं तवा उतरवला. मंग कुंडी पुढं सरकवली, वरण टाकलं. जात्यापेक्षा हे बरं पडते. जातं सरकत नाही.

सेवकराम: इश्वर आज परत आला म्हणतात. निरोप देऊ का? कवेलू जात्यावर बसवून देईन.

सत्यभामाबाई: राहू द्या. सारखं सारखं कोण चढवते त्याले. एखादं फुटन.

सेवकराम: तू त म्हणली होती, आल्या आल्या.

सत्यभामाबाई: म्हणली होती. माणूस चुकते, सूर्य चुकत नाही. तो बरोबर जागी पडून राहिला आता.

सेवकराम: हे चुलीमागं फुटक्या कपात काय हाय?

सत्यभामाबाई: हात नका लावू.

सेवकराम: पान हाय. त्याच झाडाचं. याले त मुळं फुटले, अन् खालून बारकं झाड निघून राहिलं.

सत्यभामाबाई: झाड मरगळलं होतं तवा खाली पडलं होतं. फेकून द्याले घेतलं, त मरता मरता बी ताजं दिसलं. मातीत ठेवून दिलं. मले काय माहीत, जगते म्हून.

सेवकराम: कवाची गोष्ट?

सत्यभामाबाई: पोरीनं घडवंचीखाली ठेवलं होतं तवाची.

सेवकराम: म्हणजे नवतप्याच्या बी आधीची. तवापासून तू पाह्यत होती.

सत्यभामाबाई: तुमी बाहेर जा बरं. मले घर झाडाचं हाय.

*

धुरपता: आबाजी, हे पाह्य. शेंड्यावर नवे पानं आले. दोन, एकमेकाले चिकटून. अन् जवळ जवळ हाय, मधात दांडी नाही.

सेवकराम: म्हणजे त्याले आता वाट पाहा लागत नाही.

धुरपता: पण डाग गेले नाही. मी ओल्या फडक्यानं पुसले, तरी नाही गेले. आत्याले दिसतीन.

सेवकराम: ते पुसून नाही जात बेटा. ते पान तसंच राहीन. त्याच्या वरचे कोरे येतीन.

धुरपता: आत्या रागवन का?

सत्यभामाबाई: कायले रागवन? डाग हाय त हाय. पान त हाय ना. चल, तोंड धू. एस.टी. यायची वेळ झाली, स्टँडवर आत्या एकटी उभी राहीन.

धुरपता: मी कुंडी घेऊन जाऊ स्टँडवर? तिले पहिले तेच दाखवीन.

सत्यभामाबाई: बाहेर ऊन पाह्य किती हाय. पुन्हा भाजायचं हाय का? ते घरी राहीन. हा कप घेऊन जा, पदराखाली, म्हणजे फडक्याखाली धरून ने. तिले दे. नागपूरले घेऊन जाईन.

धुरपता: हे आत्याच्याच झाडाचं बाळ हाय? कोणी केलं?

सेवकराम: झाडणीनं.

धुरपता: आजी, तू दे ना तिले. मी दिलं त तिले खरं नाही वाटन.

सत्यभामाबाई: मी कशी देऊ? मी बोलत नाही तिच्याशी. साकोलीचं एवढं चांगलं स्थळ सोडून नर्स व्हायले नागपूरले गेली. त्या लोकायले तोंड दाखवायले मले अजून लाज वाटते.

सेवकराम: नको बोलू. कप तेवढा दे हातात.

सत्यभामाबाई: नुसता हातात कसा देऊ? तिले काय समजते त्यातलं? पाणी ओतत बसन दिवसभर. नाही त खिडकीत ठेवन भर उन्हात, अन् ड्यूटीवर निघून जाईन.

धुरपता: मी सांगीन तिले. हाताची सावली पाह्याची.

सत्यभामाबाई: सावली पाह्यले पहिले ऊन त पाहिजे. तिच्या त्या होस्टेलात ऊन येते का नाही, कोणाले माहीत? अजी, तुमी गेले होते ना तिले सोडायले. खोली कशी हाय?

सेवकराम: मी होस्टेलच्या फाटकापर्यंतच गेलो. आत पुरुष माणसायले जाऊ देत नाही.

सत्यभामाबाई: म्हणजे पाह्यलंच नाही. इतके महिने झाले, पोरगी कोणत्या खोलीत राह्यते, खिडकी कोणीकडं हाय, काहीच माहीत नाही तुमाले?

सेवकराम: तुले?

धुरपता: आजी, कुठी निघाली? लुगडं कायले बदललं?

सत्यभामाबाई: ते बदललेलंच होतं. चल लवकर. कप नीट धर, हलवू नको, मुळं कवळे हाय. अजी, भात चुलीवर हाय, तुमी पाहा.

सेवकराम: मी? कवा उतरवू? मले काय समजते?

सत्यभामाबाई: कुंडीवरून ऊन गेलं का उतरवा. आमी तिघी येतोच तवरक.